‘कंपन्यांचा लोभ’ म्हणावं की नफेखोरी?

तापीकाठ (रावेर): २००८ च्या अमेरिकी बँकसंकटावरचा लेख मराठीत आणतोय. ज्यांना फेडणं झेपणार नाही अशांना घरकर्जं दिली, त्या कर्जांचे गठ्ठे पुढे विकले, दलाली घेतली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. मी ‘कंपन्यांचा लोभ’ लिहिलं. काका म्हणतात, लोभ माणसाला असतो, कंपनीला कुठला? दुसरं काय लिहू?

शब्दवेडी: लोभ नकोच. पत्राखाली ‘लोभ असावा’ लिहितो आपण, तान्हं मूल ‘लोभस’ दिसतं. ‘हाव’ घ्या. ‘हवं’वरूनच आला असणार.

पांझरा (धुळे): आवाज जुळला म्हणून व्युत्पत्ती लागत नाही. आणि हावही मनातलीच. ‘नफेखोरी’ लिहा, त्यात कोणी काय केलं ते येतं.

अमळनेरकर: नफा अरबी, खोर फारसी. षड्रिपूंमध्ये लोभ असताना उसनवारी कशाला?

पांझरा: मग ‘भांडवलशाही’तली ‘शाही’ आणि ‘जबाबदारी’ही काढून टाका! षड्रिपू एकेकट्या माणसाचे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९७० साली मांडलं की नियम पाळून नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. तिथे लोभ हा दोष राहतच नाही, कर्तव्य होतो. साहेब सांगतो भागधारकांसाठी केलं, भागधारक म्हणतो मला ठाऊक नव्हतं. घर मात्र कर्जदाराचं जातं.

तापीकाठ: हे आमच्या केळीत रोज बघतो. जाहीर भाव एक, बागेत हातात पडतो तो दुसरा. तयार झालेला घड झाडावर किती दिवस ठेवणार? घेणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. विचारलं की उत्तर येतं, ‘बाजारच तसा आहे.’ बाजार म्हणजे कोण, ते कोणी सांगत नाही.

अमळनेरकर: म्हणून सगळ्याच नफ्याला ‘खोरी’ चिकटवू नका. १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांची घरं उभी राहिली. त्यांना नफेखोर म्हणाल? धनिकाने स्वतःला विश्वस्त समजावं, हे गांधीजींचं म्हणणं मला जास्त पटतं.

शब्दवेडी: विश्वस्ताला जाब कोण विचारणार? २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ बघा. मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायची. तो नफा कसा मिळवला, हे त्या कलमात विचारलेलं नाही.

गिरणाई (चाळीसगाव): ‘हाव’ला कमी लेखू नका. आजी म्हणायची, ‘त्याले पैसानी भलती हाव शे.’ त्यात दोष स्पष्ट असायचा. रावेरलाही असंच म्हणत असतील.

तापीकाठ: नाही हो, ‘शे’ तुमच्या अहिराणीतलं. आमच्याकडे लेवा बोली.

अमळनेरकर: पण ‘हावरा’ तर दोन्हीकडे चालतो ना?

तापीकाठ: चालतो, पण जास्त करून जेवणाच्या बाबतीत. पैशाच्या माणसाला काय म्हणतात ते आईला विचारून लिहितो.