रूसचं शेत की हॅरिसचं घर? नक्की काय जपलंय?

विग्रॅमगल्लीकर: सिडनीतल्या आमच्या हॅरिस पार्कात, डोसा-चाटच्या गर्दीपासून चार पावलांवर 'एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज' आहे. जेम्स रूस, कॉर्नवॉलचा शेतकरी, चोरीची सजा भोगायला १७८८ मध्ये इथे आला. इथल्या ब्रिटिश वसाहतीत तेव्हा खायची मारामार. गव्हर्नर फिलिपने त्याला दीड एकर दिलं: पोटापुरतं पिकवून दाखव. १७९१ मध्ये रूसने सरकारी शिधा घेणं बंद केलं आणि ३० एकर मिळवले. १७९३ मध्ये तेच शेत सर्जन जॉन हॅरिसला ४० पौंडांना विकलं. आज उभं आहे ते घर हॅरिसचं, साधारण १८३५ चं. रूस तिथे एक रात्रही झोपलेला नाही! शेत तर कधीच गेलं. मग पाटी कसली लावलीय?

जुनावाडा: पाटीवर कसले रुसता? १९६१ मध्ये नॅशनल ट्रस्टने, म्हणजे वारसा जपणाऱ्या संस्थेने, घर घेतलं नसतं तर तिथे आज फ्लॅट असते आणि हा धागाही निघाला नसता. गावाकडे आमच्या वाड्याची भिंत पडली, तेव्हा तिच्यासोबत आजोबांच्या गोष्टीही गेल्या.

मावळमाती: मला घरापेक्षा रूसची पद्धत मोलाची वाटते. तोडलेली झाडं जाळायची, राख जमिनीत खणून मिसळायची, ढेकळं उन्हात तापू द्यायची. वॉटकिन टेंच या तेव्हाच्या लष्करी अधिकाऱ्याने हे त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवलंय. आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याचा चुलतभाऊच की! हे त्या घराच्या फर्निचरमध्ये दिसणार आहे का?

ईलमासा: आणि ३० एकर 'मिळवले' म्हणता, ते कुणाचे? हे शेत ज्या पॅरामॅटात होतं, त्याचं नावच इथल्या मूळ रहिवासी बुरामाटागल लोकांवरून आलंय. त्यांना कुणी ४० पौंड दिले नाहीत. मूळ रहिवाशांचा लढवय्या पेमुलवुय १७९७ मध्ये पॅरामॅटावर चालून आला, तो उगाच नाही.

जुनावाडा: मान्य. पण म्हणून घर पाडायचं?

ईलमासा: पाडा कोण म्हणतंय? गोष्ट १७८८ च्या आधीपासून सांगा, एवढंच.

विग्रॅमगल्लीकर: मी म्हणतो, अंगणात गुंठाभर गहू आणि मका पेरा. रूसच्या पद्धतीने, राखेसकट.

मावळमाती: पेरा खुशाल. राखणीला कोण बसणार? कॉकाटू पोपट दोन दिवसांत फस्त करतील.