मदत हवी आहे : वाईच्या सावकार घराण्यांचे जुने कागद कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी. मी वाईची. सावकार घराणी आणि सत्ता यावर लिहायला घेतलंय, पण एका ठिकाणी अडलेय.

फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने १३९७ मध्ये पेढी काढली. १५३३ मध्ये त्यांची कॅथरीन फ्रान्सच्या राजपुत्राला दिली, पुढे ती राणी झाली. हे वाचलं आणि आपल्या रास्त्यांची गोपिकाबाई आठवली. सावकाराची लेक, नानासाहेब पेशव्यांची बायको झाली! ढोल्या गणपतीचं देऊळही रास्त्यांचंच. मोहिमेला पैसा आधी लागायचा, वसूल मागाहून यायचा. मधली खिंड सावकार लढवायचा. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामीसुद्धा बाजीरावांना कर्ज देत. मग निर्णयात सावकाराचा शब्द किती चालायचा? मला हेच कागदावर बघायचंय.

आमच्या पणजोबांच्या पेटीत एक मोडी कर्जखत सापडलंय. घडीवर विरलंय, पण कुळाच्या नावापाशी नांगराची निशाणी अजून ठसठशीत आहे. ती बघून पोटात कालवतं. सहीसुद्धा येत नव्हती त्या माणसाला.

सातारा-वाई भागात मोडी नीट वाचणारं कुणी आहे का? व्याजाचे आकडे मला लागत नाहीत. आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर कुणी चाळलंय का? कर्जाचे कागद कोणत्या रुमालांत (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत) असतात, परवानगीला काय लागतं, तेवढं सांगा. खताचा फोटो हवा असेल तर लगेच टाकते.