अनुभव धागा: पोरंबाळं आणि म्हातारी माणसं घेऊन दीवला समुद्रावर कुठे जाता?

रावपुऱ्याची_ताई
काल भाच्याला सोडायला डेपोवर गेले होते. शेजारच्या फलाटावर ऊना-दीवची गाडी लागलेली, आणि खिडकीत एक आजोबा मांडीवर फुगवलेली ट्यूब घेऊन बसलेले. बडोद्यातच फुगवून! मग रात्री झोपच येईना, सगळं जुनं आठवत बसले.

आमच्या घरात समुद्र म्हणजे दीव. दिवाळी आटोपली की रात्रीची बस, डब्यात थेपले आणि लसणाची चटणी. भावनगर कधी गेलं कळायचं नाही, डोळे उघडायचे ते ऊन्याला. बाबांचा एकच कायदा होता, पाण्यात उतरायचं ते सकाळी. संध्याकाळी फक्त पाय ओले करायचे. भयंकर राग यायचा, कारण नागोआला खरी धमाल चारनंतरच, उंट काय, पॅरासेलिंग काय. पण गुजरातेत दारूबंदी आणि पूल ओलांडला की मोकळीक, तेव्हा शनिवारी संध्याकाळी तिथे काय चालतं ते बडोदेकरांना मी काय सांगणार.

आणि आमची आजी! नऊवारीचा काष्टा खोचून घोघल्याला फतकल मारून पाण्यात बसायची. लाट छातीशी आली की "हर हर गंगे", परत गेली की साडीत अडकलेले शिंपले वेचून माझ्या ओंजळीत. दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर तिला असं बसता आलं नसतं. घोघल्याला उतारच इतका सौम्य आहे की ओहोटीला चालत राहा, पाणी आपलं पोटरीलाच.

आता भाचा विचारतोय, लहान लेक आणि गुडघे धरलेल्या सासूबाई घेऊन कुठे जाऊ. माझं मी सांगितलं. तुम्ही लिहा. दीवच पाहिजे असं नाही, पण बेट असू दे. गोव्याचे धागे पोत्याने आहेत.

मांजलपूरकर
घोघला. डोळे मिटून. 2020 मध्ये देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला त्यात घोघला होता, आपल्या द्वारकेजवळचं शिवराजपूर पण. कपडे बदलायला खोल्या, अंगावर घ्यायला गोडं पाणी, जीवरक्षक. बाईमाणसांना याचं महत्त्व कळेल.
फक्त ताई, घोघला बेटावर नाही हो. पुलाच्या अलीकडे, जमिनीवर आहे :)

रावपुऱ्याची_ताई
असू दे. कारभार दीवचा ना, मग दीवच. शेंडी तुटो की पारंबी.

सुरसागरच्या_पाळीवर
घोघल्यावरून आठवलं. चुलत्यांनी भाड्याची गाडी केली होती, ड्रायव्हर नवखा. त्याने मोबाइलमध्ये घोघा टाकलं आणि सगळे झोपलेले असताना थेट भावनगरच्या घोघ्याला नेऊन उभं केलं. समोर मातकट पाणी आणि हजीऱ्याहून आलेलं ते गाड्या वाहणारं जहाज. आजोबा खाली उतरले, कंबरेवर हात ठेवून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "यासाठी मला पहाटे अंघोळ घातलीत?"

दांडिया_बाजार_जुना
हाहाहाहा आजोबा ग्रेट

अलकापुरी_नवी
त्या जहाजाने दीवला जाता येतं ना पण? मुलांना आवडेल

सुरसागरच्या_पाळीवर
बडोद्याहून आधी उलटं खाली सुरतेला जा, हजीऱ्याला गाडी चढवा, घोघ्याला उतरा, मग परत महुवा-राजुला-ऊना आहेच. द्राविडी प्राणायाम. सुरतवाल्यांना सोयीचं.

पोहणारी_आत्या
जरा मोठं लिहिते, कुकर लावलाय तोवर.

किनारा शांत की नाही हे नावावर नसतं, वेळेवर असतं. दीवची समुद्राची बाजू दक्षिणेला. थंडीत सकाळी वारा जमिनीवरून पाण्याकडे जातो, म्हणून नागोआचं पाणी सकाळी अगदी तळ्यासारखं. घोड्याच्या नालासारखा किनारा वळलेला, त्यामुळे लाटही मवाळ. दुपारनंतर वारा फिरतो आणि तेच पाणी उसळायला लागतं. ताईंच्या बाबांचा कायदा बाटल्यांसाठी असेल, पण याही हिशेबाने बरोबरच होता.

आता यातली गोम. सकाळचा जो वारा पाणी शांत ठेवतो तोच ट्यूब आत ओढतो. आमच्या डोळ्यादेखत एका मुलाची फुगवलेली बदकाची ट्यूब सुटली, बाप मागे धावला. बदक वाऱ्यावर, बाप पाण्यात, कसा गाठणार? छातीपर्यंत गेला तरी थांबेना. जीवरक्षकाने शिट्ट्या मारमारून मागे आणला. ट्यूब गेली तर जाऊ द्यायची हो. मुलांना अंगात बसणारं लाइफ जॅकेट, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर. किनाऱ्यावर खुर्चीत नाही.

आणि एक, दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत दिसतोय, तिथे मुळीच उतरू नका. आलेलं पाणी परत जायची वाट तीच असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करायची नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि मग बाहेर यायचं.

झाल्या शिट्ट्या. जाते.

मांजलपूरकर
कुकरच्या की जीवरक्षकाच्या?

पोहणारी_आत्या
😂 दोन्ही

कारेलीबागची_सून
"खुर्चीत नाही" हे वाक्य फ्रेम करून आमच्या ह्यांच्या समोर टांगते. आमच्याकडे फॅमिली बीच म्हणजे बायको-पोरं पाण्यात आणि हे चार मित्रांसोबत "इथेच आहे मी, तुम्ही खेळा".

प्रतापगंज_७
वहिनी, बाजू मांडायची परवानगी आहे का

कारेलीबागची_सून
नाही

वाडीतला_दिन्या
दीवला सेव उसळ मिळते का कुठे

बाजवाड्याचा_बंडू
दीवला जाऊन सेव उसळ?? अरे मासे खा. वणाकबाऱ्याला सकाळी होड्या लागतात, पापलेट बघून वेड लागेल.

वाडीतला_दिन्या
आमच्याकडे मार्गशीर्ष

राजमहाल_रोड
सातम-आठमला (जन्माष्टमीच्या सुट्ट्यांत) जाऊ नका हे कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहा. अख्खा गुजरात तिथे. हॉटेलं दुप्पट भाव सांगतात, पुलावर गाड्यांची रांग, आणि एवढं करून पाण्यात उतरायला बंदी, कारण पावसाळ्यात समुद्र खवळलेला. पोरं वाळूत बसून रडत होती. आम्ही नायडा गुहा बघून परत आलो. गुहा मात्र सुंदर, वरून उन्हाच्या तिरिपा येतात. किल्ल्यासाठी दगड तिथून काढले असं सांगतात.

नवापुरा_नातू
माझ्या आईला फुदमच्या गंगेश्वरला न्यावंच लागतं, समुद्राच्या कडेला खडकात पाच पिंडी आहेत, भरतीचं पाणी येऊन अभिषेक करतं. गेल्या वेळी पोचलो तर पाणी कुठच्या कुठे, पिंडी कोरड्या. आई खट्टू. रिक्षावाला म्हणाला, बा, दोन-तीन तासांनी या, तोवर पोरांना वाळूत सोडा. तेव्हापासून आमचा क्रम ठरला. पिंडी उघड्या दिसल्या की ओहोटी, आईला नमस्कार करायला लावायचा आणि मुलांना घेऊन घोघल्याच्या उथळ पाण्यात. पिंडी भिजायला लागल्या की आईला परत आणायचं. रिक्षाचे पैसे जातात, पण घरात शांतता राहते.

दीवच्या जालंधर किनाऱ्यावर मात्र ओहोटीला मुलांना नेऊ नका, खडक उघडे पडतात, शेवाळ असतं. तिथे टेकडीवर बसून वारा खायचा.

शियाबाग_मामा
आमचे कोकणातले मामा बोटांवर सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पण ते मुंबई-कोकणाकडचं गणित, दीवला जसंच्या तसं लावू नका. मोबाइलवर कोष्टक मिळतं तेच बघा. निदान अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात चढतं-उतरतं एवढं लक्षात ठेवा. चपला-टॉवेल वर ठेवा.

अलकापुरी_नवी
मामा हे भारी आहे. तिथी × ३ ÷ ४?

शियाबाग_मामा
हो बेटा. पंधरवड्यातली तिथी घ्यायची.

माहेर_इंदूर
बेट म्हणालात म्हणून अंदमानचं लिहिते, सासर बडोदा असलं तरी आम्ही माहेरच्या गोतावळ्यात गेलो होतो. सगळे हॅवलॉकच्या राधानगरचे फोटो बघून जातात (आता स्वराज द्वीप म्हणतात). वाळू पिठीसाखर, पण लाटा चांगल्या उंच येतात, आमचा छोटा दोनदा लोळला. नीलचं, म्हणजे शहीद द्वीपचं, भरतपूर लहानांना खरं बरं. बराच आत उथळ. तळाशी प्रवाळ आहे, पाय कापतो, रबरी सँडल घाला, आणि प्रवाळावर उभं राहू नका, ते जिवंत असतं. अंधार साडेपाचलाच पडतो हो तिकडे! आपल्या हिशेबाने चहाच्या वेळी समुद्रावर जावं तर सगळं आटोपलेलं. मगरींच्या पाट्या लावलेल्या असतील तिथे शहाणपणा करायचा नाही.
सेल्युलर जेलला आत्याबाई कोठडीबाहेर बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. ते वेगळंच.

प्रतापगंज_७
अंदमानच्या खर्चात दीव चार वेळा होईल

माहेर_इंदूर
होईल की. करा. मी कुठे नको म्हणतेय.

जुनी_छावणी
विषय थोडा वेगळा. माझे बाबा नौदलात होते. दीवला गेलं की त्यांना चक्रतीर्थाच्या शेजारी खुकरीच्या स्मारकाजवळ सोडायचं आणि आम्ही खाली वाळूत. 9 डिसेंबर 1971 ला आयएनएस खुकरी दीवजवळ बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. बाबा एकटेच उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. खाली येऊन मुलांना म्हणायचे, "चला, किल्ला करू", आणि मग खंदकाचं, तटाचं इतकं बारकाईने की मुलं कंटाळून पाण्यात पळायची. किल्ला शेवटी मीच पुरा करायचे. यंदा ते नाहीत. दीवला जायचं का नाही ठरत नाहीये.

रावपुऱ्याची_ताई
अगं... जा. मुलांना घेऊन जा.

पोहणारी_आत्या
जा गं. डिसेंबरात पाणीही छान असतं.

शियाबाग_मामा
बाबांना नमस्कार.

राजमहाल_रोड
गोमतीमाता कोणीच लिहिलं नाही? वणाकबाऱ्याच्या बाजूला, चिटपाखरू नसतं.

पोहणारी_आत्या
चिटपाखरू नाही म्हणजे जीवरक्षकही नाही. लाट जोरदार. बायको-नवरा फिरायला गेलात तर उत्तम, पोरांना घेऊन पाण्यात नको. ओसाड आणि शांत यात फरक आहे.

अलकापुरी_नवी
नागोआला ती फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं कसली? मुलगी सारखं विचारत होती

बाजवाड्याचा_बंडू
होका. फळंही खातात. दातांची खात्री असेल तर.

सुरसागरच्या_पाळीवर
ताई, भाच्याला सांगा मंगळवार-बुधवार बघ. नागोआसुद्धा त्या दिवशी घरच्यासारखं वाटतं. राहायला घोघल्याच्या बाजूला घ्या, सासूबाईंना चालायला कमी पडेल.

रावपुऱ्याची_ताई
सांगितलं. त्याला रजा शुक्रवारचीच मिळते म्हणे. मग शुक्रवारी सकाळी नागोआ, शनिवारी दुपारनंतर घोघला सोडायचंच नाही असं ठरवतोय.

वाडीतला_दिन्या
सेव उसळीचं कोणी बोलत नाही

दांडिया_बाजार_जुना
उसळ घरून ने रे बाबा. तरी वेगळ्या बाटलीत, सेव वेगळी, कांदा तिथे काप. ऊन्याच्या आत खाऊन टाक, वाटाणा आंबतो.

वाडीतला_दिन्या
पाव?

दांडिया_बाजार_जुना
पाव दीवला मिळतो. पोर्तुगीज उगाच नाही राहिले एवढी वर्षं.