मदत हवी आहे : लॅपटॉपची रॅम ब्रँडेड घेऊ, लोकल घेऊ की 'काढलेली' घेऊ? (नाशिक)

हिशेबी_माणूस

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीतल्या काही वर्कशॉपचे हिशेब आणि जीएसटीची कामं मी घरूनच करतो. लॅपटॉप जुना आहे, प्रोसेसर आय५ ८२५०यू. एसएसडी आधीच टाकली आहे, त्यामुळे तो सल्ला कृपया नको. रॅम मात्र अजून ४ जीबीच. टॅली, एक्सेलच्या दोन जाड फायली आणि क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल असं एकदम उघडलं की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वदच्या वर जाऊन बसते ती खाली यायचं नाव घेत नाही. जीएसटी रिटर्नची ११ आणि २० तारीख जवळ आली की हा लॅपटॉप अगदी रडकुंडीला आणतो. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून ११ टाकलं, तेव्हापासून तर विचारू नका.

मागचं झाकण उघडून पाहिलं. दोन स्लॉट आहेत, एक रिकामा. आतल्या स्टिकवर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर, एसके हायनिक्स, '४जीबी १आरx१६ पीसी४-२४००टी' असं छापलंय.

कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात किंग्स्टनची सीलबंद ८ जीबी, ३२०० वेगाची दाखवली. एमजी रोडला दुसऱ्याने मी कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची दाखवली. खोकं चकचकीत, वॉरंटी तीन वर्षं, किंमत पाऊण पट. त्याच्याकडेच तिसरा पर्यायही होता : खोकं नाही, नुसती हिरवी पट्टी, वर सॅमसंगचं स्टिकर. "साहेब, नव्या लॅपटॉपमधून काढलेली आहे, एकदम ओरिजिनल, वॉरंटी माझी." बिल मागितलं तर म्हणे कच्चं देतो. कच्चं बिल, तेही जीएसटीवाल्याला!

तर तिन्हींतली कोणती घेऊ? आणि २४०० च्या जोडीला ३२०० चालेल का?

सातपूरकर

दादा, दुसरी बाद करा, मग पुढचं बोलू.

मेमरीच्या चिपा बनवणारे जगात मोजकेच आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे बहुतेक बाजार आहे. किंग्स्टन स्वतः चिप बनवत नाही, या मंडळींकडून घेऊन पट्टीवर बसवते. क्रुशिअल हे मायक्रॉनचंच नाव. मायक्रॉनने ते बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय, पण विकलेल्या मालाची वॉरंटी पाळणार आहेत.

म्हणजे तुमची ती 'अनामिक' कंपनीसुद्धा चिप कुणाकडून तरी आणतेच. प्रश्न प्रतीचा आहे. पूर्ण चाचणी न झालेल्या किंवा खालच्या प्रतीत निघालेल्या चिपा स्वस्तात बाहेर पडतात, जुन्या पट्ट्यांवरून उतरवलेल्याही पुन्हा वापरात येतात. चांगला लोकल मालही असतो, नाही असं नाही. पण दोन खोकी शेजारी ठेवून त्यातलं चांगलं कुठलं हे तुम्हाआम्हाला कळत नाही, दुकानदारालाही नाही.

'काढलेली' त्यामानाने बरी. नवा लॅपटॉप घेताना गिऱ्हाईक १६ जीबी करून मागतो, मूळची ८ ची दुकानात राहते. असा माल खरा असेल तर लोकलपेक्षा केव्हाही चांगला. फक्त तो खरा हवा.

पंचवटीची_पोर

खरा आहे का हे पाहायला स्टिकरवर जाऊ नका काका, स्टिकर कुणीही छापतं. चिपांवरची अक्षरं वाचा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की दिसतात. डीडीआर४ मध्ये (तुमच्या पट्टीवरचं 'पीसी४' म्हणजे याच पिढीची रॅम) सॅमसंगच्या चिपेवर के४ए ने सुरू होणारा नंबर असतो, हायनिक्सवर एच५ए, मायक्रॉनवर बहुधा डी९ ने सुरू होणारा छोटा कोड. स्टिकर सॅमसंगचं आणि चिपा कोऱ्या किंवा घासलेल्या दिसल्या तर तिथूनच नमस्कार करा.

आणखी एक, लेबलवर १आरx८ आहे की १आरx१६ तेही बघा. तुमची जुनी १आरx१६ आहे, म्हणजे मोठ्या चारच चिपा. नवी १आरx८ म्हणजे आठ चिपांची मिळाली तर ती घ्या, थोडी चपळ असते.

वेगाची काळजी नको. ८२५०यू डीडीआर४ ला २४०० च्या वर नेतच नाही, ३२०० ची स्टिक मुकाट २४०० वर चालेल. ३२०० साठी जादा पैसे मात्र देऊ नका. आणि ४ + ८ चालतं. त्यातली ४ + ४ ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे जोडीने, धावते, उरलेली ४ एकेरी.

गंगापूर_रोडवाला

मी लोकल वापरली आहे. वर्षभर ठणठणीत, मग एक दिवस निळा पडदा, तोही कधी आठवड्याने, कधी दिवसातून दोनदा. विंडोज पुन्हा टाकलं, ड्रायव्हर बदलले, शेवटी रॅम निघाली. दुकानदार म्हणाला कंपनीचं सर्व्हिस सेंटर मुंबईला, कुरिअर तुमचा. रॅम नुसती बंद पडली तर परवडतं हो, एक्सेलमधला एखादा आकडा गुपचूप बदलला तर? तुमचं काम आकड्यांचं आहे.

हिशेबी_माणूस

गंगापूर_रोडवाला, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला.

'काढलेली' पुन्हा जाऊन पाहिली. टॉर्च मारला, चिपांवर के४ए स्पष्ट आहे. पण पक्कं बिल द्यायला तो काही तयार नाही, आणि किंग्स्टनमध्ये नि तिच्यात फरक फार राहिला नाही. भाव उतरेपर्यंत थांबू का?

सातपूरकर

थांबू नका. कारखाने एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळलेत, डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घेतायत. भाव त्यामुळेच चढले आहेत.

बिल नाही तर मग किंग्स्टनच. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. बसवताना बॅटरीची पिन काढा, आधी धातूला हात लावा. सध्याच्या कोरड्या थंडीत स्वेटर घालून बसलात तर झटका चिपेलाच बसायचा. मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते, एकही एरर चालणार नाही. एक जरी दिसला तरी सकाळी दुकानात.

हिशेबी_माणूस

किंग्स्टन घेतली, पक्कं बिल, सिरीयल नंबरसकट. उघडून पाहिलं तर आत हायनिक्सच्याच चिपा, १आरx८. चार फेऱ्या झाल्या, एरर शून्य. टास्क मॅनेजर २४०० दाखवतोय. सगळं एकदम उघडलं तरी मेमरी साठ टक्क्यांच्या आत आहे. सगळ्यांचे आभार.

नवा_गडी

धागा वर काढतोय, माफ करा. माझा लॅपटॉप चौथ्या पिढीचा आय३ आहे. डीडीआर३ ची नवी लोकल घेऊ का?

पंचवटीची_पोर

दादा, आधी जुन्या स्टिकवर पीसी३ नंतर 'एल' आहे का बघा. एल म्हणजे १.३५ व्होल्टची, तुमच्यात बहुधा तीच लागेल. साधी १.५ व्होल्टची बसेल, पण लॅपटॉप बहुधा सुरूच होणार नाही. आणि या वयाच्या लॅपटॉपला नवी लोकल नकोच, हायनिक्स किंवा सॅमसंगची वापरलेली बघा, दुकानातच लावून, चालवून.