ब्लूज एका दुपारी येतो?

मंद्र
काल या धाग्यावर 'साधा ठेका' यांनी ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताबद्दल लिहिलं: "ब्लूजचा उगाच बाऊ केला जातो. गिटारवर ई, ए, बी सेव्हन या कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) धरा, बारा बार (चार-चार मात्रांचे तुकडे) मोजा, वरून मायनर पेंटाटोनिक (पाच सुरांची मालिका) फिरवा. एका दुपारचं काम आहे." हे वाचून गप्प बसवेना, म्हणून जरा सविस्तर.

आधी बारा बार. 4 बार ई, 2 बार ए, 2 बार ई, मग बी, ए, ई, ई. साचा हाच, मान्य. पण ब्लूज या साच्यात जन्मलेला नाही. ब्लाइंड लेमन जेफरसन हा जुना ब्लूजवाला एकटाच गायचा-वाजवायचा, त्यामुळे ओळ संपली की गिटार हवी तितकी बोलू द्यायचा. बार लांबला तर लांबला. जॉन ली हूकरचं 1948 चं 'बूगी चिलन' एकाच कॉर्डवर आणि पायाच्या ठेक्यावर उभं आहे. साथीला बँड आला की सगळ्यांना एकदम वळावं लागतं, म्हणून आकडा घट्ट धरावा लागतो.

आता पेंटाटोनिक. ई मध्ये कोमल गंधार म्हणजे जी, शुद्ध म्हणजे जी शार्प. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (गिटारच्या मानेवरच्या पडद्याचा) जी धरा आणि तार बाजूला ताणून जेमतेम पाव स्वर ओढा. पूर्ण अर्धा स्वर ओढलात तर तो शुद्ध होतो आणि सगळी कळ निघून जाते. ओढलाच नाहीत तर कोरडा मायनर. आणि कॉर्ड ए वर गेली की तोच जी ए सेव्हनचा कोमल निषाद होतो. तिथे ओढायचा नाही, वर गेला की टोचतो. पेंटाटोनिक 'फिरवणारे' नेमके इथेच उघडे पडतात, कारण बोटं तीच जागा धरतात आणि कान मागची कॉर्ड ऐकत नाहीत.

साधा ठेका
मी नवशिक्यांसाठी लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी पाव स्वराची भीती घातलीत तर पोरं गिटार कोपऱ्यात ठेवतील. चौघे मिळून वाजवताना घोळ पाव स्वराने होत नाही, मोजणीने होतो. पाचव्या बारला सगळे ए वर जातात, पण नवव्या बारला बी वर जायचं विसरतात. आणि कोणी 'क्विक चेंज' घेतला, म्हणजे दुसऱ्याच बारला ए वर जाऊन तिसऱ्याला परत आला, की निम्मे लोक हरवतात. आधी हे पक्कं करा, मग गंधार कुरवाळत बसा.

मंद्र
'कुरवाळत बसा' ही भाषा नको. तो गंधार काढलात तर मागे उरतं काय?

काचनळी
पाव स्वर म्हणताय आणि स्लाइडचं, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवण्याचं, नावही नाही! 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनावर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने एक गिटारवाला ऐकला, तो तारांवर सुरी दाबून वाजवत होता. स्लाइडला फ्रेटचं बंधनच नाही.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी ओपन जी लावा, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशा. सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. बाकीच्या तीन आहेत तशा. नळी करंगळीत घाला. नळी फ्रेटच्या मागे नाही, बरोबर फ्रेटच्या डोक्यावर हवी, नाहीतर सूर उतरतो. तार दाबायची नाही, नुसती टेकवायची. नळीच्या मागची बोटं तारांवर हलकी पडू द्या. नाही पडली तर तारेचा मागचा तुकडाही वाजतो आणि खरखर येते. 10 चा सेट (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात) आणि खाली बसलेल्या तारा असतील तर नळी फ्रेटवर खडखडणारच. 13 चा सेट लावा, नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) थोडा उंच करा. आणि स्टँडर्ड, म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये स्लाइड वाजवणं म्हणजे खोटेपणा आहे, हे स्पष्ट सांगतो.

डावखुरा
हे अजिबात पटलं नाही. अर्ल हूकर हा ब्लूज गिटारवाला स्टँडर्ड ट्यूनिंगमध्येच स्लाइड वाजवायचा. त्याला काय खोटं म्हणणार? फक्त दोन-तीन तारांवर नळी ठेवावी लागते आणि उजव्या हाताने बाकीच्या बंद कराव्या लागतात, एवढंच.
शिवाय 13 चा सेट लावून कोणी ओपन ए साठी चौथी, तिसरी, दुसरी तार एकेक स्वर वर चढवू नका. तार तुटते, नाहीतर गिटारची मान वाकते. ओपन जी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा). तेच सूर मिळतात.

काचनळी
अर्ल हूकर अपवाद आहे. बरं, खोटेपणा हा शब्द मागे घेतो. कॅपोचंही बरोबर आहे. पण शिकणाऱ्याला ओपन जीच द्या.

जुनी तबकडी
तुम्हा सगळ्यांची गिटार एकदा खाली ठेवा. दरवेळी ब्लूज म्हटलं की एकटा पुरुष आणि गिटार! 'क्रेझी ब्लूज' मेमी स्मिथने ऑगस्ट 1920 मध्ये ओके या तबकडी कंपनीसाठी गायलं. बेसी स्मिथ आणि मा रेनी 1923 पासून ध्वनिमुद्रित झाल्या. तुमचा ब्लाइंड लेमन 1926, चार्ली पॅटन 1929, रॉबर्ट जॉन्सन तर 1936-37. ज्या बायकांच्या तबकड्या खपल्या म्हणून कंपन्यांना या संगीताचा बाजार दिसला, त्यांचं नाव अख्ख्या धाग्यात कोणी घेतलं नाही. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट तेवढी सगळ्यांना पाठ. तीसुद्धा टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूजवाल्याबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली, नंतर रॉबर्टला चिकटवलेली.

गंधाराचा वाद मिटवायचा असेल तर बेसीचं 1925 चं 'सेंट लुइस ब्लूज' ऐका. साथीला लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) आणि फ्रेड लाँगशॉची पेटी. हो, पेटी, आपल्या पायपेटीच्या जातीची. पेटीला पाव स्वर नाही, पट्ट्या ठरलेल्या. तो मधला सूर बेसीचा गळा काढतो. आणि ओळ चार बार भरून गायली जात नाही. दोन-अडीच बारांत संपते, उरलेली जागा कॉर्नेटच्या उत्तराची. गाणाऱ्याच्या अंगावर सोलो वाजवणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं.

मंद्र
बायकांबद्दलचा आक्षेप खरा आहे, माझ्याकडून राहिलं. पण जेफरसनमुळे एकट्या गिटारवाल्यांच्या तबकड्या निघू लागल्या, हेही खरंच आहे.

साधा ठेका
'एका दुपारचं काम' हे मागे घेतो, नाइलाजाने. ए वर जी ओढायचा नाही हे मला सुचलं नव्हतं. नवव्या बाराबद्दल मात्र माझं मत तेच. काचनळी, 13 च्या सेटमध्ये तिसरी तार पिळाची (वरून बारीक तार गुंडाळलेली) घ्यायची की साधी?

काचनळी
पिळाची. 13 च्या अकूस्टिक सेटमध्ये तिसरी पिळाचीच येते. साधी लावलीत तर त्या जाडीला ती ताठ होते आणि बाराव्या फ्रेटपाशी सूर चढतो. नळी पितळेची असेल तर आवाज अधिक करकरीत येईल, काच वापरा.