रविवार, रॉकेल आणि उलटी सायकल: तुमचे अनुभव लिहा

माळ्यावरचा

परवा माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली आला. झाकण उघडलं आणि सोल्युशनचा वास. ट्यूब कधीच वाळून खडा झाली आहे, वास मात्र शाबूत. आत कानशीचा तुकडा, कापलेली ठिगळं, वॉलट्यूबचं (व्हॉल्ववर चढवायच्या बारीक रबरी नळीचं) गुंडाळं, दोन कॉटर पिना (पायडलची क्रँक आसाला पक्की करणाऱ्या) आणि औषधाच्या बाटलीत छर्रे, म्हणजे चाकाच्या आसाभोवती फिरणाऱ्या पोलादी गोळ्या. बाबांचा डबा.

सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला बाहेर टाकायची नाही हा बाबांचा हट्ट. (खरा शब्द ओव्हरहॉलिंग हे मला कॉलेजात कळलं. तोवर वाटायचं, तेल जास्त घालतात म्हणून ओव्हर.) महिन्यातला एक रविवार त्यासाठी ठरलेला. गॅलरीत गोणपाट, त्यावर सायकल उलटी. रॉकेलच्या ताटलीत छर्रे धुणं आणि मोजणं हे माझं काम. मागच्या चाकाला एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. एक कमी भरला की सगळी गॅलरी झाडायची, थेट मोरीच्या जाळीपर्यंत. ग्रीसमध्ये एकेक छर्रा बसवताना बाबांची जीभ दातात असायची. मग कोन (छर्रे जागेवर धरणारा आसावरचा नट) आवळायचा, थोडा सैल करायचा, परत आवळायचा. शेवटी चाक अगदी हळू ढकलून सोडून द्यायचे. व्हॉल्वच्या वजनानं ते पाळण्यासारखं मागंपुढं झुलायचं आणि व्हॉल्व खाली येऊन थांबायचं. न झुलता नुसतंच थांबलं तर कोन जास्त आवळलाय. पुन्हा पाना. आईची आतून हाक, 'जेवायला येताय की चाकच खाताय?'

डबा घेऊन मोठ्या उत्साहानं मुलीच्या गिअरच्या सायकलपाशी गेलो. त्यातली एकही वस्तू तिला लागत नाही. व्हॉल्वसुद्धा वेगळा, लांब बारीक मानेचा. मुलगी म्हणाली, बाबा, ग्रीस तरी तेच असेल.

तर लिहा. चालवण्याचं लिहा, शिकण्याचं लिहा, आणि मुख्य म्हणजे खोलून परत न जोडता आल्याचं लिहा.

रेवा_ताम्हण
आमच्याकडे मोजायचा मान भावाचा, मी फक्त ताटली धरायला. अजून राग आहे.
मी शिकले भाड्याच्या सायकलवर. तासाला पन्नास पैसे. दुकानदार पाटीवर वेळ लिहायचा आणि त्याचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. परत देताना मी लांबूनच ओरडायची, 'काका, आले हं!' म्हणजे तेवढी तरी मिनिटं वाचतील. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो काय आठवण काढली! बाबाची बावीस इंची, काळी, रॉड ब्रेकवाली. सीटवर पाय पुरत नव्हते म्हणून कैची. नळीखालून पाय घालायचा, एक हात हँडलले, दुसऱ्या काखेत सीट, अन् सायकल तिरपी चालली तर आपण सरळ, आपण तिरपे तर सायकल सरळ.
खोलायचं विचारलं म्हणून सांगतो. नववीत डावं पायडल काढाले बसलो. निघेच ना. पान्यावर उभा राहून उड्या मारल्या. पाना सटकला, हनुवटीले तीन टाके. दवाखान्यातून आलो तं बाजूच्या काकानं दोन बोटानं काढून दाखवलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात म्हणे! मी तासभर आवळत होतो ना बाप्पा.

चिंचेखालचा
@ठेचा हाहाहा. आमच्याकडे त्याला 'हाफ पायडल' म्हणायचे. अर्धा फेरा खाली, मग उलट वर, परत अर्धा. पूर्ण फेरा जमला त्या दिवशी गल्लीत चॉकलेटं वाटली.

माळ्यावरचा
ठेचाभाऊ, टाक्यांबद्दल सहानुभूती. उलट्या आट्यांचं कारण बाबांनी असं दाखवलं होतं: मुठीत पेन्सिल सैल धरा आणि दुसऱ्या हातानं तिचं टोक गोल गोल फिरवा. पेन्सिल मुठीतल्या मुठीत उलट दिशेनं फिरते. पायडलच्या दांड्याचं तेच होतं. डावीकडे नेहमीचे आटे ठेवले तर चालवता चालवता पायडल हळूहळू निघून येईल.

वऱ्हाडी_ठेचा
पेन्सिल फिरवून पाह्यली. फिरते!! हे चाळीस वर्षं आधी सांगाचं ना.

स्मिता_के
आमची ४०० रुपयांना भंगारात गेली. मी हॉस्टेलवर होते. घरी आले तर जिन्याखाली नुसता तेलाचा डाग.

रेवा_ताम्हण
@स्मिता अगं 🙁 आमचीही तशीच गेली. पण आईनं कॅरिअर काढून ठेवलं होतं, त्यावर अजून कुंड्या ठेवते.

रंकाळ्याची_हवा
भावा लई भारी धागा. आमचं कॉलेजचं ठरल्यालं, पावसाळ्यात एक रविवार पन्हाळा. वीसेक किलोमीटर, शेवटचा चढ फाडतो. सिंगल गिअरच्या सायकली, निम्मा चढ ढकलतच. पण उतरताना? पायडल मारायचं कामच न्हाई. धुक्यात फकस्त फ्रीव्हीलची टिकटिक. पाच जणांच्या पाच सायकली, पाच सूर. ब्रेकचे गट्टे निम्म्यात झिजून गेले आणि एकानं चप्पल टायरला लावून ब्रेक मारला. चप्पल गेली, पोरगं वाचलं. खाली आल्यावर मिसळ.

चिंचेखालचा
मिसळ आलीच पाहिजे का प्रत्येक धाग्यात?

रंकाळ्याची_हवा
आली पायजे.

पुणेरी_डबलसीट
उतरून आल्यावर मिसळ ठीक. आम्ही चढायच्या आधी खाऊन सिंहगडाला लागलो होतो. पुढचं सांगत नाही.

आजोबा_७४
आमच्या गावात नगरपालिकेचा सायकल-कर असे. भरला की पितळी बिल्ला मिळे, तो हँडलखाली ठोकून घ्यायचा. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, किंवा डबलसीट दिसली की हवालदार हवा सोडत असे. दिवा म्हणजे रॉकेलची चिमणी. खड्ड्यात विझे. मग हवालदार दिसला की उतरून चालायचे, चालणाऱ्यास दिवा लागत नाही. डायनामो आला तेव्हा श्रीमंती आली असे वाटले, परंतु तो टायरला टेकवला की सायकल जड होई, आणि थांबले की दिवा गुल. हवालदारासमोर थांबायचे आणि दिवाही दाखवायचा, हे कसे जमावे?
पुण्यात असाल तर कर्वेनगरचे विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय अवश्य पाहा. दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपर सैनिकांची घडीची सायकल तेथे आहे. मी गेलो होतो ते मात्र चिमणी पाहायला.

माळ्यावरचा
आजोबा, तुमचा बिल्ला आहे का अजून? असल्यास फोटो टाका ना.

आजोबा_७४
नातवाने कुत्र्याच्या पट्ट्याला लावला आहे. आल्यावर काढून टाकतो.

गौरी_झटपट
कुत्र्यावरून आठवलं. माझी सायकल पायडल मारलं की नुसती फिरायची, चाक जागचं हलायचं नाही. आई दुकानात घेऊन गेली. मेस्त्री म्हणाला, 'बाई, आतली कुत्री मेलीत.' आई दोन पावलं मागे. मग त्यानं फ्रीव्हील खोलून दाखवलं, आत दोन इवलीशी पाती असतात, स्प्रिंगवर, ती दातात अडकली की चाक ओढलं जातं. त्यांनाच कुत्री म्हणतात. टिकटिक तीच करतात. आईनं घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, गौरीच्या सायकलची कुत्री बदलली.
माझा भाऊ अजून फोनवर विचारतो, कुत्री भुंकतायत ना नीट?

रेवा_ताम्हण
😂😂 कुकर परत लावावा लागला तुमच्यामुळे

पाटावरची
नेदरलँड्सहून. पहिल्याच आठवड्यात जुनी सायकल घेतली. हँडलला ब्रेकच नाही! विकणारा म्हणाला, पायडल मागं फिरव. आपल्याला लहानपणापासून सवय, उतारावर उगाच पायडल उलटं फिरवत टिकटिक ऐकायची. इथं फिरवलं आणि भररस्त्यात गच्चकन थांबले, पिशवीतले टोमॅटो पुढे गेले.
उट्रेख्टला स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे, जगात सर्वांत मोठं. तिथे सायकल लावून मजला विसरणं काय असतं ते मला विचारा. पाऊण तास. सगळ्या काळ्या, सगळ्यांना टोपली. शेवटी सीटला बांधलेल्या लाल नाडीवरून सापडली. ती नाडी गुळाच्या ढेपेची, सासूबाईंनी येताना आणलेली.
सासूबाईंचंही सांगते. इथे पुढे मोठी लाकडी पेटी असलेल्या सायकली असतात, मुलांना बसवायच्या. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, म्हणून नवऱ्यानं त्यांना पेटीत बसवून कालव्याकाठी फिरवलं. साडी, स्वेटर, मांडीवर पर्स. आता रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, माझी गाडी बरी आहे ना?

पुणेरी_डबलसीट
पेटीतल्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

मध्यरात्रीचा_ब्रेव्हे
मी जरा वेगळ्या जातीचा. ब्रेव्हे करतो, म्हणजे २०० किमी साडेतेरा तासांत, ६०० किमी चाळीस तासांत. शर्यत नाही, नंबर नाही, वेळेत पोचायचं आणि कार्डावर शिक्के.
पहिल्या ३०० ला रात्री दोन वाजता हायवेला पंक्चर. ट्यूब बदलली. दोन किमीवर परत. बदलली. परत! तिसऱ्या खेपेला मागून आलेला एक सहप्रवासी थांबला, काही न बोलता मोज्यातला कापूस काढला आणि टायरच्या आतून फिरवला. एका जागी कापूस अडकला. केसाएवढी तार. ट्रकचे टायर फुटतात त्यातल्या तारा रस्त्यावर पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये रुततात, बोटाला लागतही नाहीत. तार काढली, त्यानं चिक्की दिली आणि गेला. पुढच्या चहाच्या टपरीवर कळलं, ते डोळ्यांचे डॉक्टर होते.
तेव्हापासून माझ्याही मोज्यात कापूस असतो.

चिंचेखालचा
मोज्यातला कापूस त्यांनी ऑपरेशनला वापरू नये एवढीच प्रार्थना.
बाकी आम्ही खडकवासल्याला जाऊन कणीस आणि भजी खाऊन येतो त्याला शिक्का कुठं मिळतो?

मध्यरात्रीचा_ब्रेव्हे
शर्टावर. तेलाचा.

मांडवीपारचा
गोव्यातून एक छोटंसं. आमच्या वाड्यावर पोदेर अजून सायकलवरून पाव आणतो. मागं मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. पों पों. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. लहानपणी त्याच्यासारखा भोंगा हवा म्हणून रडून घेतला. दुसऱ्या दिवशी गल्लीतून पों पों करत गेलो तर चार घरांतून बायका पिशव्या घेऊन बाहेर. मार पडला, भोंगा जप्त.

गौरी_झटपट
हा अनुभव विजेता घोषित करा 😄

स्मिता_के
३ जून हा जागतिक सायकल दिन ना? २०२० मध्ये त्याच दिवशी साहिबाबादचा अ‍ॅटलासचा कारखाना बंद झाला. बातमी वाचली तेव्हा मी चक्क ऑफिसच्या कॉलवर होते, टाळेबंदी चालू. आमची ती ४०० रुपयांची, अ‍ॅटलासच होती. हिरवी. दादा नळीवर, मी कॅरिअरवर, बाबा गाणं म्हणत. कॅरिअरवर पाय फाकवून बसायचे, आरांत पाय जाऊ नये म्हणून. एकदा गेलाच. घोट्याला खूण आहे अजून. तेवढी एक राहिली म्हणायची.

रेवा_ताम्हण
@स्मिता माझ्याही घोट्याला आहे, डाव्या. तुझ्या?

स्मिता_के
डाव्याच!

अर्धा_इंची_पाना
अवांतर: एक जुनी रोडस्टर (जुन्या धाटणीची जड सायकल) मिळाली आहे, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकतोय. पुढं ३२ तारा, मागं ४०. ब्रेकच्या गट्ट्याला खडू धरून चाक फिरवलं की जिथं खडू लागतो तिथं चाक बाहेर. मग समोरच्या बाजूची तार पाव फेरा आवळायची. फक्त पाव. मी पहिल्यांदा एक एक फेरा दिला आणि गोल चाकाचं आठ झालं. बायको म्हणते, गंजलेलं होतं पण गोल तरी होतं. आता तीन रविवार झाले, जवळजवळ गोल आहे. जवळजवळ.
कॉटर पिन कुठं मिळेल? मुंबईत आहे.

आजोबा_७४
काळबादेवीस सायकलीच्या दुकानांची रांग आहे, तेथे विचारा. जुनी पीन सोबत न्या. जाडीत फरक असतो, अंदाजाने आणलेली बसत नाही. आणि बसवताना हातोडा जपून. मी अंगठा सोलून घेतला होता, १९६९.

मध्यरात्रीचा_ब्रेव्हे
@माळ्यावरचा, छर्रे मोजले का बाटलीतले? अठरा असायला हवेत.

माळ्यावरचा
काल रात्री मुलीनं ताटलीत ओतून मोजले. सतरा. दोनदा मोजले.

गौरी_झटपट
मोरीची जाळी बघा.

माळ्यावरचा
ते घर २००४ मध्ये विकलं हो.

अर्धा_इंची_पाना
वॉलट्यूबचं गुंडाळं किती आहे? अर्धा फूट पाठवाल का? पोस्टाचे पैसे मी देतो.