पी०४२० म्हणजे कॅट गेलाच असं नाही

दादा, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पी०४२० हा बिघाडाचा कोड आला म्हणून गॅरेजवाल्याने थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (म्हणजे कॅट, सायलेन्सरच्या पाइपमधला धूर साफ करणारा भाग) बदलायला सांगितला असं तुम्ही लिहिलंय, जरा थांबा. कन्व्हर्टर कमी काम करतोय असं त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरवरून (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) वाटतंय, एवढंच तो कोड सांगतो, कारण सांगत नाही. आमच्याकडे मालवणात खाऱ्या हवेने सायलेन्सरचे जोड गंजतात, माझ्या गाडीत तेच निघालं, सेन्सरच्या अलीकडे बारीक भोक, तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सर फसायचा, गॅस्केट नि वेल्डिंगवर भागलं. सकाळी थंड गाडी चालू करून जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे किंवा काजळी दिसते का बघा. तिथे काही नसेल तर इंजिन गरम करून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) लावा, साध्या सेन्सरच्या गाडीत पुढचा, म्हणजे कॅटच्या आधीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट सारखा वरखाली होतो, मागचा ०.६-०.७ ला शांत हवा. मागचाही तसाच नाचत असेल तर मात्र कॅटवरच संशय. आणि मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचा) कोड सोबत आहे का ते आधी बघा हो, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि नवा कन्व्हर्टरसुद्धा वितळवतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवूच नका.